धार काढायला मालक, लस टोचायला कुणीच नाही

महोदय,

छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर बसलेल्या गायींना आपण मोकाट म्हणतो. सकाळ-संध्याकाळ मात्र मालक बरोबर येऊन धार काढून नेतो! लसीकरणाच्या वेळी तेवढा तिला कुणी धनी नसतो.

2022 मध्ये लम्पीची, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, साथ राज्यभर पसरली, तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, गोठ्यांत जाऊन लस टोचली गेली. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड हा रोग पसरवतात, म्हणून आजारी जनावर वेगळं बांधायचं, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक झालं. उकिरड्यावर हिंडणाऱ्या गायीला वेगळं बांधणार कोण? परवा भाजीमंडईमागे एक गाय दिसली. मानेवर सुपारीएवढ्या गाठी, पुढचे पाय सुजलेले, आणि तरी गाठ मारलेली कॅरीबॅग शिळ्या भातासकट चघळत होती. हे प्लास्टिक पोटात गोळा होऊन बसतं. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. (भात उघडा टाकला तर काय बिघडतं?)

लम्पी माणसाला होत नाही म्हणून शहर निर्धास्त आहे. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा दुसरा रोग मात्र कच्च्या दुधातून माणसाला होतो, आणि या गायींचं दूध आपल्याच गल्लीत येतं. निदान ते उकळून तरी प्यावं.

जनावराच्या कानात 12 अंकी ओळख क्रमांकाचा बिल्ला असतो. कोंडवाड्यातून दंड भरून गाय सोडताना त्यावरून लसीची नोंद तपासावी. नसेल आणि जनावर धडधाकट असेल, तर तिथेच टोचावी आणि खर्च मालकाकडून घ्यावा. बिल्लाच नसेल, तर आधी तो मारावा.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर