लेकीला परदेशी धाडणाऱ्या मित्रास

गंगापूर रोड, नाशिक
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं जळगावहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. लेकीची रोटरीच्या युवा आदानप्रदानात निवड झाली, ती वर्षभर जर्मनीला जाणार, याचा आनंद दोन ओळींत आणि "सोळा वर्षांची पोर परक्याच्या घरी कशी राहील?" ही काळजी दोन पानं. साहजिक आहे. पण उलट बाजूनं सांगतो, कारण तिकडची एक पोर दिवाळीपासून माझ्या घरी आहे.

हे तिचं नाशिकमधलं दुसरं घर. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत सरकारला कळवावं लागतं. ते काम सोपं. अवघड निघालं ते जेवण.

आई विचारायची, "आणखी एक पोळी?" पोरगी हसून म्हणायची, "धन्यवाद." आई खूश होऊन वाढायची. ताटात पडलेलं संपवायचं, टाकायचं नाही, हे तिच्या घरचं वळण. ताट रिकामं दिसलं की वाढायचं, हे आईचं. चार दिवस असं चाललं. पाचव्या रात्री पोरगी पोट धरून रडत बसलेली माझ्या मुलीला दिसली. तेव्हा उलगडा झाला: जर्मन माणसाला काही देऊ केलं आणि तो नुसतं "डांके" म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ "नको" असतो. शब्दकोशात पाहून तिनं त्याचं मराठी केलं होतं, धन्यवाद. आईला फार लागलं. "मी परक्याच्या लेकराला छळलं रे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीला जवळ बसवलं आणि ताटावर हात आडवा कसा धरायचा ते शिकवलं.

खोलीचं दार मात्र अजून सुटलेलं नाही. ती दार लावून बसते, आईला वाटतं रुसली. तिच्या घरी बंद दार म्हणजे राग नव्हे. आता आई टकटक करते, पण उत्तराची वाट पाहत नाही.

मला यातूनच पटलं की पाहुणचारानं ओळख होत नाही. पाहुण्याला आपण चांगलं तेवढं दाखवतो. ओळख होते ती अशी पोट दुखल्यावर, बसून बोलावं लागल्यावर.

अशीच मुलांची देशोदेशी अदलाबदल करणारी एएफएस नावाची संस्था आहे, तिची सुरुवात १९१५ साली रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांतून झाली. दोन्ही महायुद्धांत त्यांनी जखमी वाहिले आणि १९४७ मध्ये १० देशांतली ५२ मुलं अमेरिकेत शिकायला आणली. युद्धात इतकं पाहिलेल्या माणसांना पुढचं काम सुचलं ते मुलांना दुसऱ्याच्या घरी राहायला पाठवण्याचं. रात्री पोरगी आईशेजारी मेथी निवडत बसली की मला हे आठवतं.

काल तिला तिवंधा चौकात नेलं होतं. पेशवेकाळापासूनची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा मोठा हौद, वर्षभर फळ्या-मातीखाली झाकलेली, काल उघडली. पोरं धप्पा मारत होती, म्हणजे त्यात उड्या घेत होती. तिनं विचारलं, उड्यांआधी रहाडीची पूजा का? मला सांगता येईना. शेवटी तिथल्या एका आजोबांना विचारलं, आणि ते आम्हा दोघांना अर्धा तास सांगत राहिले.

आता तुझ्या लेकीबद्दल. रोज फोन करू नकोस. तिचं मन जळगावातच अडकून राहील. आणि तिची भीड मोड. तिकडे सहसा एकदाच विचारतात. आपल्यासारखं पहिलं "नको" भिडेपोटी म्हटलं, तर ते खरं धरतील आणि ती उपाशी झोपेल. त्यातून संध्याकाळी बऱ्याच घरांत पाव, चीज असं गारच जेवण असतं. भूक लागली तर "हवं" म्हणायचं, मोठ्यानं.

सुटीत तिला घेऊन दोन दिवस ये. आमची जर्मन लेक तिला शेजारी बसवून तिकडच्यासारखं वाढणार आहे, एकदाच विचारून. तेवढ्या वेळापुरतं गप्प बसायला आई तयार झाली आहे.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकमित्र