ओढ्याकाठची झाडं आणि आपली घरं

सोलापूर
मे महिना

प्रिय श्रीनू,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या जागेचं आता ठरवावंच लागेल. जागा तुझ्या पाहण्यातली आहे. वर उघडा मुरमाड माळ, खाली ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना कडुनिंब, हिवर, बोरी, बाभळी आणि जुन्या चिंचा. सभासद आपल्या पूर्वभागातलेच: यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बाया, रिक्षावाले. नकाशा तयार होऊन आलाय. ओढ्याच्या काठापर्यंत सारखे प्लॉट पाडलेत, आणि नियमाने सोडायची दहा टक्के ओपन स्पेस एका तिरक्या कोपऱ्यात ढकललीय. तिथे एकही झाड नाही.

मला वाटतं तीच ओपन स्पेस झाडांवर नेऊन ठेवावी आणि घरं माळावर एकमेकांना लागून बांधावीत. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते सभेत नीट मांडायचं तर कागदावर दिसायला हवं.

सभेत दोन टोकं आहेत. काही सभासद म्हणतात, पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले ते झाडं बघायला नाही. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. भाड्याच्या एका खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला स्वतःच्या उंबऱ्याची किंमत आपण सांगायला नको. दुसरीकडे शहरातले काही वृक्षप्रेमी म्हणतात, जागाच सोडा, सगळीकडे झाडं लावू. त्यांना मी सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण दिलं. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं, गावं, रस्ते सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांचा राग त्या बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. शिवाय माळ म्हणजे पडीक जमीन, असं समजून त्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावली गेली. माळढोकाला तर दूरवर नजर जाईल असं उघडं गवत लागतं. माणसांना वगळून आखलेली हद्द टिकत नाही, आणि आपल्याकडे दिसेल तिथे झाड लावणं म्हणजे निसर्ग राखणं नव्हे. आपला तुकडा दोन वसाहतींच्या मधे आहे, तिथे काळवीट चरायला येणार नाही. घरं बांधायची तर त्या माळावरच. झाडं जिथे आपणहून वाढलीत, ते ओढ्याचं अंग तेवढं राखायचं.

कामगाराला स्वतःचं घर मिळू शकतं हे सोलापूरने दाखवून दिलंय. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरं मिळाली. पलीकडे रे नगरच्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. म्हणून मी घर की झाड असा वाद घालत नाही. घर तर होणारच. ते मे महिन्यात राहण्यासारखं असावं, एवढं मला हवंय.

विडीवाल्या बायांचं तर घर हाच कारखाना. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं, कात्री, तंबाखू. पंख्याने तंबाखू उडते म्हणून तो बंद ठेवावा लागतो. पारा ४३-४४ वर गेला की पत्र्याखाली, अगदी स्लॅबखालीसुद्धा दुपारी बसवत नाही, पण हजार विड्यांचा हिशोब उन्हासाठी थांबत नाही. अशा वेळी बाया चिंचेखाली येऊन बसतात, हे मी रोज बघतो. त्या झाडावर प्लॉट पडला तर त्यांच्या कामाची जागाच जाते. सभेत हे कुणी बोललं नाही, कारण बाया मागे बसल्या होत्या.

पैशाचं बघ. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाख येतात, घर ३० चौरस मीटरचं, म्हणजे साधारण सव्वातीनशे चौरस फूट. बाकीचं कर्ज. सुटे प्लॉट पाडले की प्रत्येकाला चारही भिंती, पुढे रस्ता, गटार, लांब पाइप. सामाईक भिंती घेतल्या आणि गाड्या वेशीवरच थांबवल्या, तर रस्त्याची लांबी कमी होते, खर्च उतरतो आणि झाडांची जागा त्यातूनच सुटते. अडचण एकच आहे. लोकांना जमिनीवर दार हवंय आणि पोराचं लग्न झालं की वर खोली चढवायची सोय हवीय. चार मजली इमारतीला कुणी हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. म्हणून बैठी घरं, पण पाया वरच्या मजल्याचा भार पेलेल असा, आणि जिन्याची जागा आधीच सोडलेली. हे जमेल का, तूच सांगू शकतोस.

सांडपाणी ओढ्यात सोडलं तर झाडं राखल्याचा उपयोग नाही. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी गाळून झाडांना देता येईल. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते वाया घालवणं मला पटत नाही. संडासाचं पाणी मात्र वेगळंच काढावं लागेल.

झाडांची जमीन संस्थेच्या नावावर सामाईक राहील, कुणाला तोडून विकता येणार नाही, अशी अट मी पोटनियमात सुचवणार आहे. चिंचेचा लिलाव संस्थेने करावा आणि पैसा देखभालीला लावावा. वाळकं सरपण नेऊ द्यावं, ओलं तोडू नये. शेळ्यांचं काय करायचं ते बायांनीच ठरवावं, त्यांनाच ते नीट कळतं. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून कायद्यात वेगळं संरक्षण आहे. आपल्या चिंचा त्यात बसतील असं वाटतं, पण मला कायद्याचा धाक दाखवून सभा जिंकायची नाही.

सर्वसाधारण सभा जूनमध्ये आहे. त्याआधी दोन दिवस काढून ये. प्रत्येक झाडाची जागा मोजून दुसरा नकाशा काढ आणि दोन्ही नकाशांचा प्रत्येक घरामागचा खर्च शेजारी शेजारी मांड. खर्च जास्त आला तर तसंच सांग, मी सभेत तोही आकडा वाचेन. हुतात्मा एक्स्प्रेसने आलास तर रात्री स्टेशनवर घ्यायला येतो. आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
दत्ता