हौद्यात मावते, पण पासिंगात बसते का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावहून जांबोटी-चोर्लामार्गे गोव्याला भाजी नेणाऱ्या आणि निपाणी-चिकोडी भागात सिमेंट, वाळू वाहणाऱ्या पिकअपमध्ये किती माल घालायचा, हे बहुधा हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भागच ठरवतो. फळीपर्यंत भरला की गाडी भरली. मेथी-कोथिंबिरीला हा हिशेब चालून जातो, वाळूला चालत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १,६०० किलो भरते. म्हणजे अर्धा ब्रासच सव्वादोन टनांवर गेला, ओली वाळू त्याहून जड. साडेतीन टनांच्या आत पासिंग, म्हणजे गाडी-माल धरून मंजूर एकूण वजन, असलेल्या पिकअपचे हे ओझे नव्हे.

गाडीच्या नावात किंवा जाहिरातीत दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये, आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. त्यात दोन वजने असतात: अनलेडन, म्हणजे रिकाम्या गाडीचे, आणि ग्रॉस, म्हणजे सगळे धरून जास्तीत जास्त. समजा रिकामे १,७०० आणि ग्रॉस ३,००० किलो आहे. वजाबाकी १,३०० येते, पण ते सगळे मालाचे नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अनलेडन वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. दोघांचे १४० किलो गेले. पासिंगनंतर बसवलेली लोखंडी जाळी, ताडपत्री, दोरखंड यांचे ६० गेले. राहिले १,१००, म्हणजे ५० किलोची २२ पोती सिमेंट. याच हौद्यात ३० पोती सहज मावतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

यावर गॅरेजमध्ये मिळणारा उपाय म्हणजे मागच्या स्प्रिंगला एकदोन पाटे वाढवणे. हा उपाय नव्हे, फसवणूक आहे. पाटा वाढला तरी अॅक्सल (चाकांचा आस), हबचे बेअरिंग, ड्रम, लाइनर, चासी आणि टायर तेच राहतात. गाडी बसलेली दिसत नाही, एवढाच फरक. त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर, चासीला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. माल भरून चासी खाली बसली की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. जादा पाट्यांमुळे चासी खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धवट लागतात. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो, तोही घाटाच्या उतारावर. पाटे बदललेच असतील तर ही दांडी कंपनीच्या मापाने जुळवून घेणे अत्यावश्यक आहे, आणि पासिंग त्यानेही वाढत नाही.

टायरच्या कडेवर मापानंतर येणारा आकडा भाराचा असतो: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०. मागे १०६ चे दोन टायर असतील तर त्या अॅक्सलवर १,९०० किलोंपर्यंत. वजनकाट्यावर मागचा अॅक्सल २,२०० किलो आला, तर प्रत्येक टायर १५० किलो जादा ओढतो आहे. हा भार ठरलेली हवा असेल तरच, आणि हवा टायर थंड असताना तपासायची. जास्त हवा भरून क्षमता वाढत नाही.

माल कुठे ठेवला, हेही तितकेच महत्त्वाचे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३ मीटर असेल आणि ३०० किलो माल मागच्या अॅक्सलच्या १ मीटर मागे ठेवला, तर मागचा भार ४०० ने वाढतो आणि पुढचा १०० ने कमी होतो. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. म्हणून जड पोती केबिनला टेकवून, खालच्या थरात ठेवावीत. शेतातल्या लावणीला माणसे हौद्यात उभी करून नेणे तर बेकायदाच आहे. वजन पासिंगात बसले तरी तोल वर जातो आणि गाडी कलंडते.

मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात जादा वजनाला २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी.

भाजीपाला, गूळ, वीट यांच्या व्यापाऱ्यांनी पावतीवर नगांबरोबर किलोही लिहावेत, अशी आग्रहाची विनंती आहे. तीन किलोची एक वीट धरली तर ५०० विटांचा दीड टन होतो, हे ड्रायव्हरला पावतीवर दिसले पाहिजे. काटा करताना आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग पुढची चाके काट्याबाहेर काढून फक्त मागची. दोन्ही आकडे पावतीवर मागून घ्यावेत.

— मालवाहू गाड्यांची दुरुस्ती करणारा एक वाचक, खानापूर