त्या एका प्रश्नासाठी

रेडिऑलॉजिस्ट मॅडमना,

नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण वाचलंत तर ओळखाल. मार्चमध्ये एमआरआयची सीडी आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी घेऊन आलेली, दारातच ‘यात काही निघायचं नाही’ म्हणाली, ती मी.

६ वर्षांत ३ सोनोग्राफ्या झाल्या होत्या. दर वेळी बाटलीभर पाणी ढोसायचं, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली लघवी दाबून बसायचं, पाच मिनिटं पोटावर प्रोब फिरायचा आणि रिपोर्टात ‘नॉर्मल’. तिन्ही रिपोर्ट शब्दन्‌शब्द सारखे, तारीख तेवढी बदललेली. चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ एवढंच होतं, त्यापुढे कोणी काही विचारलं नाही. एक जण तर म्हणाले, मूल झालं की थांबेल.

तुम्ही सीडी लावायच्या आधी खुर्ची माझ्याकडे वळवलीत. ‘पाळीच्या दिवसांत संडासला बसताना कळ येते का?’

मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं ते. हो म्हणायच्या आधीच रडू फुटलं. बाहेर रांग होती, तरी तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

मग स्क्रीन माझ्याकडे फिरवलीत. अंडाशयातली पांढरी गाठ. ‘चरबी असती तर या दुसऱ्या चित्रात काळी पडली असती, यात चरबीचा सिग्नल दाबलेला असतो. ही पांढरीच राहिली, म्हणजे साचलेलं जुनं रक्त.’ आणि मागे आतड्याला चिकटलेलं गर्भाशय. एन्डोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत असं चिकटलेलं सुटू शकतं, म्हणत तुम्ही आधीच्यांना सांभाळूनही घेतलंत. मी नाही घेणार. विचारायला काय यंत्र लागतं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा आजार असतो. आमच्या गावात रोज किती जणी ‘नॉर्मल’ होऊन घरी जात असतील, कोण जाणे.

आमच्या एसटीचा एक कंडक्टर आहे. म्हातारी माणसं सीटवर टेकेपर्यंत घंटी देत नाही, मागून कोणी कितीही ओरडो. तुम्ही त्याच्याच पंगतीतल्या. अशी माणसं भेटली की दिवसभर कोणावर खेकसावंसं वाटत नाही.

ऑपरेशन जूनमध्ये दुर्बिणीतून झालं. परवा पाळी आली होती. रजा टाकली नाही.

तुमची,
पिशवीवाली पेशंट