लडाखच्या मोहिमांच्या जाहिरातींत प्रत्येक मुक्कामाची उंची छापा

महोदय,

उन्हाळ्याची चाहूल लागली की पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवरच्या ग्रुपांत लडाखच्या पदभ्रमण मोहिमांच्या जाहिराती झळकू लागतात. पंधरा ऑगस्टला लागून येणाऱ्या सुट्ट्यांचा मेळ घालून आखलेल्या या कार्यक्रमपत्रिकांत शुल्क, जेवणाचा प्रकार, एका तंबूत किती जण झोपणार, परतीच्या विमानाची वेळ असे सगळे तपशील असतात. मात्र कोणत्या रात्री समुद्रसपाटीपासून किती उंचीवर झोपायचे आहे, हा ज्यावर सहभागी माणसाचा जीव अवलंबून असतो तो तपशील क्वचितच आढळतो. या एका उणिवेकडे आयोजकांचे, सहभागी होणाऱ्यांचे आणि अशा जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. आपल्या राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे लेहच्या बाजारपेठेच्या निम्म्या उंचीचेही नाही. मुंबईहून पहाटेच्या विमानाने निघालेला माणूस दिल्लीमार्गे दुपारच्या आत अशा ठिकाणी उतरतो, जिथे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम दोन-तृतीयांश असतो. पाच हजार मीटरच्या पुढच्या खिंडींवर तो निम्म्याच्या आसपास येतो. या विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात आणि ते दिवस तंदुरुस्तीने वाचत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडच्या ट्रेकरांना पटायला फार जड जाते. दर रविवारी सिंहगड चढणारा पंचविशीतला तरुण आणि त्याची पन्नाशीतली मावशी या दोघांत विरळ हवेचा त्रास कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. उलट दम आहे म्हणून पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढणाऱ्या तरुणालाच तो होण्याची शक्यता अधिक.

वैद्यकशास्त्राने याबाबत जो दंडक घालून दिला आहे तो सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. दिवसा उंच खिंड ओलांडून पुन्हा खाली उतरून झोपले तर बहुधा चालते. रात्र कुठे काढली, हे खरे महत्त्वाचे.

हा दंडक हातात घेऊन मारखा दरीच्या कार्यक्रमपत्रिका वाचाव्यात. लडाखमधले हे बहुधा सर्वांत लोकप्रिय पदभ्रमण. वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या शीत वाळवंटात नदीकाठी तेवढी जवाची शेते आणि विलोची झाडे हिरवी, बाकी दोन्ही बाजूंना तांबडे-जांभळे उघडे डोंगर. पूर्वी चिलिंगला झंस्कार नदी पाळण्यातून ओलांडावी लागे आणि पुढे स्क्यू, मारखा, हांकर, थाचुंगत्से असे मुक्काम करत माणूस हळूहळू वर चढे. आता पूल झाला, दरीत मोटारीचा रस्ता शिरला आणि गावकऱ्यांची त्याने मोठी सोय झाली, याचा आनंदच आहे. पण आयोजकांनी याचा अर्थ ‘दोन दिवस वाचले’ असा घेतला. गाडीने दरीत बरेच आत जायचे आणि सुमारे 4,000 मीटरवरच्या हांकरहून थाचुंगत्सेचा मुक्काम गाळून एका दमात 4,800 मीटरच्या आसपासचे निमालिंग गाठायचे, अशा पत्रिका मी पाहिल्या आहेत. वाचलेल्या दिवसांत पँगाँग सरोवर आणि नुब्रा दरी ‘मोफत’ जोडलेली असतात. मनालीहून रस्त्याने जाणाऱ्या गटांची गत याहून वाईट. दोन हजार मीटरवरच्या मनालीतून निघून त्याच रात्री सुमारे 4,300 मीटरवरच्या सरचूला झोपवायचे, हा प्रघात इतका रूढ झाला आहे की त्यात काही चूक आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

निमालिंगला झोपलेल्या माणसाची परिस्थिती नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथून पुढे जायचे तर सुमारे 5,200 मीटर उंचीची कोंगमारू ला ही खिंड ओलांडावीच लागते, म्हणजे त्रास वाढल्यावर ज्याला खाली नेणे हाच खात्रीचा उपचार आहे, त्याला आधी आणखी चारशे मीटर वर न्यावे लागते. मागे फिरायचे तर तासन्‌तास चालून हांकर. मदत येणार ती दुसऱ्या दिवशी. म्हणून पुढे जायचे की परत फिरायचे हा निर्णय निमालिंगला पोहोचण्याच्या आधी, थाचुंगत्सेला व्हायला हवा. तो होत नाही, याचे कारण गटाच्या स्वभावात आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये निमालिंगच्या जेवणाच्या तंबूत एक तरुण माझ्या शेजारी बसला होता. ताटातला भात त्याने चमच्याने बाजूला सारून ठेवला होता आणि तो दोन्ही तळहातांनी कानशिले दाबत होता. विचारल्यावर ‘काही नाही, ऊन लागलंय’ म्हणाला. त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायला गटप्रमुख आला, तेव्हा त्याने आधी इतरांकडे पाहिले आणि मग हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी खिंड होती. त्याला परत पाठवायचे तर एक वाटाड्या आणि एक घोडा त्याच्याबरोबर द्यावा लागणार होता, त्या गटाकडे जादा घोडा नव्हता, आणि हे तंबूतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आपल्यामुळे पंचवीस जणांची सहल खोळंबेल या भीतीने माणसे डोकेदुखी लपवतात, मळमळ लपवतात, रात्री धाप लागून उठून बसतात तेही लपवतात. सुदैवाने घोडेवाल्यांपैकी एका वडीलधाऱ्या माणसाने, कोणाला न विचारता, पहाटे त्याची सॅक घोड्यावर बांधली आणि त्याला हांकरला उतरवले. संध्याकाळपर्यंत त्याचे डोके थांबले होते. पण हे त्या घोडेवाल्याचे शहाणपण होते, आयोजकाची व्यवस्था नव्हे.

डोके ठणकणे, अन्न नकोसे होणे, झोप न लागणे इथपर्यंत थांबले तर ठीक. फुफ्फुसांत पाणी झाले किंवा मेंदूला सूज आली, तर काही तासांत माणूस हातचा जातो. लेहमध्ये उतरल्यावर पूर्ण दोन दिवस विश्रांती घ्या, असे तिथले प्रशासन परोपरीने सांगते ते उगाच नाही. विरळ हवेच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या वाटल्या किंवा गाडीत प्राणवायूचे नळकांडे ठेवले की काम भागले, असे मानणारे आयोजकही आहेत. ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि नळकांडे हे खाली उतरेपर्यंतचा आधार आहे, वर चढत राहण्याचा परवाना नाही.

गटाच्या आकाराचाही या साऱ्याशी थेट संबंध आहे. या वाळवंटातल्या नद्यांना पावसाचे पाणी जवळजवळ नाही. पाणी येते ते वरच्या हिमाचे, उन्हाने वितळून. त्यामुळे सकाळी पोटरीपर्यंत असलेला प्रवाह दुपारनंतर मांडीला लागतो आणि गढूळ होतो. आठ-दहा जणांचा गट सहाला निघून सकाळीच पाण्यापार होतो; तीस जणांच्या गटाचा चहा, शौचालयाची रांग आणि तंबू आवरणे यातच नऊ वाजतात, मग उन्हाच्या तडाख्यात चालून, कोरड्या हवेत पाणी संपवून, नेमक्या चढत्या प्रवाहाशी ते पोहोचतात. ज्याला आधीच धाप लागली आहे, त्याची तिथे काय अवस्था होत असेल! शिवाय लहान गटाला गावांतल्या होमस्टेमध्ये राहता येते. चार पैसे त्या घराला मिळतात आणि कोणाची तब्येत बिघडली तर उबदार खोली आणि जाणते माणूस जवळ असते.

राखीव दिवस ही आणखी एक वगळली जाणारी गोष्ट. 5 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेह परिसरात ढगफुटी होऊन केवढा हाहाकार माजला, हे अनेकांना आठवत असेल. एरवीही हवामानामुळे लेहची विमाने रद्द होणे नवे नाही. तरीही खिंड ओलांडल्याच्या दुसऱ्या पहाटेचे तिकीट काढून ठेवलेले असते, आणि मग आजारी माणसासाठी एक दिवस थांबण्याचा विचारच कोणी करू शकत नाही.

राज्य शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली. नोंदणी करताना परराज्यातील उंच प्रदेशांच्या मोहिमांसाठी मुक्कामांच्या उंचीचा तक्ता, राखीव दिवस आणि परत फिरणाऱ्या व्यक्तीसाठी स्वतंत्र माणूस व जनावर यांची लेखी हमी घ्यावी, अशी माझी शासनाला विनंती आहे. शासन करील तेव्हा करो. तोपर्यंत पैसे भरण्यापूर्वी प्रत्येकाने आयोजकाला एवढेच विचारावे की आम्ही कोणत्या रात्री किती मीटरवर झोपणार आहोत आणि मला बरे वाटले नाही तर माझ्याबरोबर खाली कोण येणार आहे. उत्तर देताना जो अडखळेल, त्याच्याबरोबर जाऊ नये. आपल्या दैनिकानेही पर्यटन पुरवणीत अशी जाहिरात स्वीकारताना हा तक्ता मागावा. त्याला जागा लागते ती फार तर पाच-सहा ओळींची.

आपला,
एक वाचक, पुणे