दहा झाले, बास!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्युरीच्या, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाच्या, एकमतावरचा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला आणि रात्री झोप लागेना, म्हणून हे पत्र.

लेखकाचा सगळा राग त्या एका 'आडमुठ्या' माणसावर आहे. अकरा शहाणे एकीकडे, हा एकटा दुसरीकडे, आणि त्याच्यापायी खटला पुन्हा पहिल्यापासून. म्हणून म्हणे अभ्यासगट नेमावा, असे किती खटले अडकतात ते मोजावं आणि फौजदारी निकालही बहुमताने लावून मोकळं व्हावं. लेखकमहाशय ज्युरीच्या खोलीत कधी बसलेत की नाही, ते लेखावरून कळलं नाही. मी बसले आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, 2012 साली. तेव्हा तिथे दोषी ठरवायला बारांपैकी दहा मतं पुरत असत.

दिवसाला 10 डॉलर भत्ता आणि छातीवर ज्युररचा बिल्ला. खटला मारहाणीचा, आरोपी विशीतला पोरगा. त्याला ओळखणारा साक्षीदार एकच, आणि त्याने ओळखलं ते रात्री, रस्त्यापलीकडून. सरकारी वकिलांनी जागेचा फोटो दाखवला. त्यात दिव्याचा खांब अगदी स्पष्ट दिसत होता, कारण फोटो भर दिवसा काढलेला! तो दिवा रात्री लागत होता का, हे दोन दिवसांत कुणी विचारलंच नाही. मी वहीत एवढंच लिहून ठेवलं, 'दिवा?' आणि म्हटलं, आत गेल्यावर विषय काढू.

आत गेलो. फोरमन, म्हणजे ज्युरीचे प्रमुख, म्हणून निवडलेले गृहस्थ सज्जन होते, हे आधीच सांगते. खुर्ची ओढता ओढता त्यांनी हात वर करायला सांगितले. दोषी म्हणणारे दहा. उरलो मी आणि स्कूलबस चालवणारी एक बाई. फोरमननी बोटाने पुन्हा एकदा मोजलं आणि म्हणाले, "दहा झाले." एकाने तर कोटही उचलला. मी दिव्याचं काढलं, तेव्हा ते हळूहळू, एकेक शब्द सुटा करून मला समजावू लागले, की आता तुमच्या मतावाचून काही अडत नाही. माझे उच्चार ऐकून, या बाईला भाषाच कळत नाही, असं वाटलं असावं त्यांना. बसवाली बाई म्हणाली, "अहो, तिचा प्रश्न तरी ऐका." "ऐकला की!" कुणीतरी म्हणालं. चाळीस मिनिटांत आम्ही बाहेर. त्यातली निम्मी फॉर्म भरण्यात आणि कोर्टाच्या शिपायाची, बेलिफची, वाट बघण्यात गेली.

बचावाच्या वकिलांनी मागणी केली म्हणून न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं, हाच तुमचा निकाल का? मी 'नाही' म्हटलं, त्या बाईनेही 'नाही' म्हटलं. दहा 'हो' भरले, निकाल कायम. वकिलांनी मागितलं नसतं तर आमचे दोन नकार कुठे नोंदलेही गेले नसते. आता आपला अभ्यासगट हे कशाने मोजणार? अडकलेले खटले मोजता येतात, ते कागदावर दिसतात. न अडकलेल्या खटल्यात काय विचारायचं राहून गेलं, त्याचा रकाना कुठल्या तक्त्यात असतो?

दिवा लागतही असेल. पोरगा दोषी असेलही. बाराही जणांची अट असती तर निदान तो फोटो परत मागवून टेबलावर ठेवावा लागला असता, आणि कदाचित मला पटलंही असतं. खटला दुसऱ्यांदा उभा राहिला की मार खाल्लेल्या माणसाला तेच सगळं पुन्हा सांगावं लागतं, हे मान्य. पण त्यावरचा उपाय म्हणून उरलेल्या दोघांना गप्प बसवायचं?

लेखात ऑरेगनची पद्धत 'व्यवहारी' म्हणून गौरवली आहे. 1933 साली जेकब सिल्व्हरमन या ज्यू माणसावर तिथे खुनाचा खटला चालला. एक ज्युरर अडला आणि तडजोड म्हणून खुनाऐवजी मनुष्यवधाचा, म्हणजे सौम्य गुन्ह्याचा, निकाल आला. पेपरांनी गदारोळ केला, परदेशातून आलेल्या लोकांना ज्युरीचं काम कसं झेपणार, असा सूर अग्रलेखातून लागला आणि 1934 मध्ये दहा मतं पुरेत अशी राज्याची घटनादुरुस्ती झाली. (अग्रलेखांचं बळ असं असतं, संपादकमहाशय!) अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्याने हेच 1898 साली केलं होतं. कृष्णवर्णीयांना ज्युरीबाहेर ठेवता येईना, तेव्हा त्यांच्या मताची किंमतच काढून घेतली. आधी नऊ पुरेत म्हणाले, पुढे दहा. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चालू दिलं, तेही चार-चार न्यायमूर्ती दोन बाजूंना आणि मधल्या पॉवेल यांच्या एका मतावर. शेवटी एप्रिल 2020 मध्ये रामोस खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं, की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायचं तर एकमत हवंच. 2022 च्या डिसेंबरात ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या खटल्यांनाही लागू केलं. तोवर आमच्या 'दहा झाले'ला दहा वर्षं झाली होती. आपल्या लेखात 2020 चा उल्लेखसुद्धा नाही.

इंग्लंडचा दाखलाही अर्धाच दिलाय. तिथे 1967 पासून दहा-दोन चालतं खरं, पण आधी एकमताचा प्रयत्न करावा लागतो. निदान दोन तास, प्रत्यक्षात दोन तास दहा मिनिटं झाल्याशिवाय बहुमताचा निकाल घेत नाहीत.

आणि नानावटी! ज्युरीवर मराठीत लिहायचं आणि नौदल अधिकारी नानावटींवरचा तो मुंबईतला खुनाचा खटला आणायचा नाही, हे कसं जमावं? "ज्युरीने निर्दोष सोडलं," असं लेखक म्हणतात. सोडलं ना, आठ विरुद्ध एक, म्हणजे लेखकाच्या लाडक्या बहुमतानेच. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे नऊ जणांत एकटा पडलेला तो माणूसच शेवटी बरोबर निघाला. लेखकाच्या हिशेबात तोही आडमुठाच असणार.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीत 'हंग ज्युरी' म्हणजे 'फाशी देणारी ज्युरी' असं छापलंय. तीनदा वाचलं, मला वाटलं चष्म्याचा दोष. अहो, एकमत न झाल्याने अडकून पडलेली ती हंग ज्युरी. फाशी सोडा, अशा ज्युरीला कुणाला साधं दोषीही ठरवता येत नाही. दुरुस्ती छापणार असाल तर आतल्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात नको. चौकट जिथे होती तिथेच आणि तेवढीच मोठी छापा.

आपली,
एक वाचक, ऑरेगन
(नाव छापू नये, ही विनंती.)