झंडू बाम हे गाणं नाही म्हणे

संपादक साहेब, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला संगीतकार अशोक पत्कींवरचा लेख वाचला. छान आहे असं कळवणारच होतो, पण दुसऱ्याच परिच्छेदात 'जिंगल्स करता करता पुढे ते खऱ्या संगीताकडे वळले' हे वाक्य आलं आणि डोकंच फिरलं. खऱ्या म्हणजे? जिंगल, म्हणजे जाहिरातीतलं गाणं, काय खोटं संगीत असतं का? अर्ध्या मिनिटात चाल बसवायची, त्यात मालाचं नाव स्वच्छ ऐकू आलं पाहिजे, क्लायंटला पटलं पाहिजे आणि वर पोरांनी ते शाळेत जाताना गुणगुणलं पाहिजे. तुमच्या लेखक महाशयांनी एकदा करून दाखवावं, मी येतो ऐकायला.

एवढं लागायचं कारण सांगतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीत अंताक्षरी होती, 'झ' आला, मी खणखणीत आवाजात झंडू बाम सुरू केलं तर परीक्षक बाई म्हणाल्या, काका, जाहिरात चालत नाही, गाणं म्हणा. आमची टीम आऊट! आणि पुढच्या राऊंडला समोरच्यांनी 'आभाळमाया'चं टायटल साँग म्हटलं तर टाळ्या, वन्स मोअर, सगळं काही. अहो बाई, दोन्हीचा संगीतकार एकच, पत्की, असं मी तिथल्या तिथे सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी प्रसादाची दुसरी वाटी मागितली.

माझं तर म्हणणं आहे की 'आभाळमाया', 'वादळवाट' लागली की लोक स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायचे ते त्या जिंगलच्या तालमीमुळेच. पहिल्या ओळीत माणूस पकडायचा! 'मिले सुर'चं बघा, 1988 पासून पडद्यावरचे सगळे पाठ आहेत, पण संगीताच्या बाजूला पत्की आणि लुई बँक्स होते हे किती जणांना माहीत आहे? 'अंतर्नाद' या कोकणी सिनेमासाठी मिळालेलं राष्ट्रीय पारितोषिक तुम्ही एका ओळीत उरकलंत. फोटोला मात्र अर्धं पान.

तुमच्या मालिकांच्या पानावर नायिकेच्या साड्यांची चर्चा येते, टायटल साँग कोणाचं ते कधीच येत नाही. तेवढं छापाल का? आणि शब्दकोडं हल्ली घडीवर का येतं, मधले चौकोन वाचताच येत नाहीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली